दोन बोटं ढग

"रेडिओबाबाला फसवशील काय?" किश्यानं विचारलं.

"फसवीन."

"काय लावतेस?"

"वेणी."

झालं. जीभ माझी, वेणी पण माझी, आणि अक्कल त्या दिवशी घरी खुंटीला टांगलेली. हरले तर अख्ख्या बंदरासमोर वेणी कापायची, असं ठरलं.

पैज का घेतली? कारण मला त्या बाबाचा संशय यायला लागला होता.

रेडिओबाबा म्हणजे दाऊद परकार. जन्मभर मोठमोठ्या बोटींवर रेडिओ सांभाळला, म्हातारपणी परत आमच्या कोंडबंदरात आले आणि पिराच्या टेकडीवर राहायला लागले. दर्ग्याला झाडू मारतात, दिवा लावतात. आणि खोलीच्या छपरावर त्यांनी ॲल्युमिनियमच्या दोन काठ्या फाकवून बांधल्यात. वरनं उपग्रह गेला की त्या काठ्या त्याचा आवाज पकडतात. आवाज कसला, घशात काटा अडकलेल्या मांजराचा. लॅपटॉप त्या आवाजाचं चित्र करतो. खाली किनारा, मध्ये समुद्र, वर ढग.

सरकारची हवामानाची सूचना येते ती सगळ्या किनाऱ्याला. बाबांचं चित्र आमच्या तुकड्याचं. त्यामुळे बाबांना विचारल्याशिवाय आमच्याकडे एक पण तांडेल नांगर उचलत नाही. माझा आप्पा पण नाही. आप्पा म्हणजे माझा बाप, धाकू तांडेल, होडीचा म्होरक्या. दर्याला भीत नाही, पण बाबा "थांब" बोलले की थांबतो.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. तीन दिवस बाबा म्हणत होते, "ढग आहे, थांब." आणि तीन दिवस कपडे सुकतील असं कडक ऊन.

आप्पाचे खलाशी होडीच्या सावलीत पडून पत्ते कुटत होते. तिसऱ्या संध्याकाळी ते सरळ बोलले, उद्या पण होडी नाय सुटली तर आम्ही पलीकडच्या बंदरात चाललो. खलाशी गेले की होडी म्हणजे नुसती लाकडाची खाट. आप्पा त्या रात्री जेवला नाही.

मी किश्याला बोलले, "ढग दर वेळी आमच्याच तोंडासमोर कसा काय येतो रे? मेला बाकी कुठं जातच नाय?"

"म्हाताऱ्याला काय कळत नाय," किश्या बोलला. "खोटा ढग दिला तरी खरा म्हणंल."

तिथनं ती पैज निघाली. खोटा ढग घेऊन जायचं आणि बाबांच्या तोंडून "खरा आहे" वदवून घ्यायचं. मग आप्पा त्यांचं ऐकायचा बंद.

किश्याच्या मोबाईलमध्ये एक साहेबी सॉफ्टवेअर होतं. विकतचं, पण कुणीतरी कुलूप फोडून दिलेलं. त्यात एकच मोठं बटण, त्यावर लिहिलेलं 'सुंदर'. दाबलं की म्हातारी पण नवरी दिसते. मी बंदराच्या ग्रुपवरचं बाबांचं कालचं चित्र घेतलं, जुन्या चित्रातला एक झकास ढग कापून त्यावर चिकटवला, आणि 'सुंदर' दाबलं.

असलं देखणं झालं म्हणता! बाबांचं चित्र त्याच्यापुढे म्हणजे धुतलेलं पोतेरं.

सकाळी उपग्रह गेल्यावर टेकडी चढले.

बाबा दारात बसून डाळीतले खडे वेचत होते. वर न बघताच बोलले,

"धाकूची सुरंगा ना तू? गेल्या महिन्यात मशिदीच्या कोंबड्याला चष्मा घातलेली?"

"तो किश्या होता."

"दोरा तुझा होता."

...

"बाबा, मला शिकायचंय," मी बोलले. तोंड एकदम गायीसारखं केलं होतं.

"काय?"

"हेच. आवाज पकडायचा, चित्र काढायचं. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ ते सांगा."

"शिकायला आलीस तर चप्पल का नाही काढलीस? पळायचंय काय मध्येच?"

चप्पल काढली. बाबांनी ती उचलली आणि आपल्या मागे ठेवली. बघा आता. मी त्यांना फसवायला आलेली आणि माझी चप्पल त्यांच्याकडे गहाण.

"तुम्ही कुठलं वापरता?"

"मोकळं."

"मोकळं म्हणजे फुकटातलं?"

"फुकट पण आहे."

"मग त्यात काहीतरी गोम असणार," मी बोलले. "फुकट कोण कशाला देईल? दर्या पण फुकट देत नाय."

पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं.

"मांजराला टाकलेली मासळी फुकट असते का गो?"

"असते."

"आणि गळाला लावलेली?"

...

"ती पण फुकटच," मी बोलले.

"मग मांजरानं काय करावं?"

"मला काय ठाव. मी नववी नापास."

"मांजर तर शाळेतच गेलं नाही. उचलून खालनं बघतं, दोरा आहे काय."

"म्हणजे फुकटचं घ्यायचं, पण खालनं बघून."

"खालनं बघायला देत असेल तर घ्यायचं. नुसतं वरनं दाखवत असेल, तर फुकट असो की विकत, दोरा आहे असं समजायचं."

डाळीतला खडा त्यांनी कोंबडीला टाकला. कोंबडीनं चोच लावली, बघितलं, सोडून दिला.

"तुम्ही बघितलंत खालनं?" मी विचारलं. "सगळं? आतलं?"

"थोडं."

"थोडंच?"

"किती लोकांनी लिहिलंय ते. कोण कुठला, कोण कुठला. मला सगळं कुठनं कळणार?"

"मग तुमचा त्यांच्यावर भरवसा आहे?"

"छे. ओळख ना पाळख."

"आणि तरी वापरता?"

"भरवसा नाही म्हणून तर वापरतो. भरवसा ठेवा असं ते म्हणतच नाही. म्हणतं, हे बघा झाकण, हे बघा आत, मारा बोंब काय मारायची ती."

मला वाटलं, म्हातारा गोल गोल फिरवतोय. मी किश्याचा मोबाईल काढला.

"मी पण केलंय एक. काठ्या लावल्या घरी. आज सकाळचं आहे. बघा, ढग खरा आलाय का."

बाबांनी हात धोतराला पुसले... छे, लुंगीला. मोबाईल घेतला. लांब धरला. जवळ धरला.

...

"छान आहे," बाबा बोलले.

माझी वेणी वाचली! मी मनातल्या मनात किश्याला उंदरासारखा नाचवला.

"ह्याला मी ओळखतो," बाबा बोलले.

"कुणाला?"

"ढगाला. गेल्या गोपाळकाल्याला आला होता. आपल्या खाडीच्या तोंडावर. डाव्या बाजूला असा कान."

"ढगाला काय आधार कार्ड असतं?"

"ह्याच्यापुरतं आहे. हा ढग मी विसरणार नाही."

आणि त्यांनी बोट ठेवलं, बरोबर मी जिथनं कापला होता तिथंच.

गेली. वेणी गेली.

"माझाच आहे," मी बोलले. काय करणार. "म्हणजे तुमचाच, पण मी तुमच्या कालच्या चित्रावर चिकटवला. किश्याशी पैज होती."

मला वाटलं ओरडतील. ते नुसतं विचारत राहिले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट.

"चिकटवल्यावर काय केलंस?"

"बटण दाबलं."

"बटणानं काय केलं?"

"सुंदर केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे... सुंदर."

"खरखर काढली, की बारके ढग पण खरखर समजून पुसले?"

"मला काय ठाव?"

"त्याला विचार."

"ते काय बोलतंय? ते बटण आहे."

"मग मागे जा. ढगाखाली काल काय होतं ते दाखव."

मी मोबाईल वरखाली केला. मागे जायचं बटणच नव्हतं. जुन्यावर नवं चढलेलं. माझ्या ढगाखाली काल खरंच काय होतं, ते आता त्या मोबाईलला पण सांगता आलं नसतं.

"तू आंधळी आणि ते मुकं," बाबा बोलले. "जोडी चांगली आहे."

तेवढ्यात आप्पा वर आला. धापा टाकत. पाठीमागे खाली होडीपाशी खलाशी उभे होते, दोघांच्या खांद्याला पिशव्या. चालले होते ते.

मला तिथं बघून आप्पाच्या कपाळाला आठी पडली. "ही काय करते हितं?"

"सॉफ्टवेअर निवडते," बाबा बोलले.

"वेण्या घालायचं सोडून?"

वेणीचा विषय नकोच होता.

"बाबा, आजचं सांगा," आप्पा बोलला. "पोरं निघाली. तासाभरात होडीत मासळीसाठी बर्फ नाय भरला तर मग मी काय एकटा ओढू जाळी?"

बाबांनी लॅपटॉप फिरवला. सकाळचं चित्र. किनारा, समुद्र, आणि खाडीसमोर ऐसपैस बसलेला ढग. मांडी घालून.

"ढग आहे," बाबा बोलले. "थांब."

आप्पानं टोपी काढली, परत घातली. आणि वळला.

त्याची ती पाठ बघितली आणि माझं डोकं फिरलं.

"तुमचं पण दाखवा की!" मी बोलले.

"काय?" बाबा बोलले.

"मला मागे जायला सांगितलंत. तुमच्यात मागे जाता येतं ना? मग जा. ढगाखाली काय आहे ते दाखवा."

"सुरंगे!" आप्पा ओरडला. "बाबांशी बोलतेस तू."

"बाबाच बोलले, खालनं बघून घ्यायचं म्हणून."

...

डाळीचं ताट बाबांनी बाजूला सारलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पण परत लावला नाही. तसाच खिशात ठेवला.

मग लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"उजवीकडे बघ," बाबा बोलले. "'पायऱ्या' लिहिलंय. दाब."

ते सॉफ्टवेअर सगळं मराठीत होतं! मी बघतच राहिले. मोकळं असलं की आतले शब्द पण बदलता येतात, आणि बाबांनी बसून एकेक बटण आपल्या बोलीत करून ठेवलं होतं. 'धर', 'ऐक', 'घास', 'पुरे'. नववी नापासला पण वाचता येईल असं.

'पायऱ्या' दाबलं. एक यादी उघडली. चित्र कसं कसं झालं त्याची. मी शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं वाचायला लागले.

"एक. आवाज घेतला. दोन. खरखर काढली. तीन. वाकडं होतं, सरळ केलं. चार. किनारा जुळवला. पाच..."

मी थांबले.

"पाच काय?" आप्पा बोलला.

"पाच. ढग फुगवला. दोन बोटं."

"कुठल्या दोन बोटी?"

"बोटी नाय आप्पा. बोटं."

"परत वाच."

"ढग... फुगवला. दोन बोटं."

कोंबडी पण गप्प झाली, आयशप्पथ.

मी बाबांकडे बघितलं. ते समुद्राकडे बघत होते. 'दाबू नको' असं काही बोलले नाहीत. मी पाचव्या पायरीवर बोट ठेवलं आणि ती काढून टाकली.

ढग खाली बसला. मांडी घातलेला तो एवढा थोरला ढग, फुग्यातली हवा जावी तसा बारीक बारीक होत गेला. राहिला तो नखाएवढा. तो पण लांब, पार कोपऱ्यात.

आप्पा लॅपटॉपपाशी उकिडवा बसला. एक डोळा मिटून बघितलं. मग दुसरा.

"कालचं काढ," तो मला बोलला.

काढलं. पाचवी पायरी होती.

"परवाचं."

होती.

"गोपाळकाल्याचं."

डाव्या बाजूला कान असलेला ढग आला. मी चिकटवलेला. त्याची पण पाचवी पायरी काढली. कान गेला. ढगच गेला जवळजवळ.

मला वाटलं होतं मी खरा ढग कापून खोटा केला. तो तर मुळातच...

"गोपाळकाल्याला पाच दिवस बसलो आम्ही," आप्पा बोलला. कुणालाच नाही, असंच. "जिवा तेव्हाच मला सोडून पलीकडच्या बंदरात गेला. चांगला खलाशी होता."

मग त्यानं बाबांकडे बघितलं.

"बाबा, आजचा ढग एवढाच आहे?"

"एवढाच."

"कुठं चाललाय?"

"उत्तरेला. आपल्याला शिवणार नाही. बहुतेक."

"बहुतेक?"

"ढग आहे, धाकू. त्याला कुठं जाऊन विचारू?"

आप्पा उठला. कठड्यापाशी गेला. डोळ्यांवर हात धरून बराच वेळ समुद्राकडे बघितलं, मग आत येऊन परत चित्राकडे. मी आप्पाला असं दोन्हीकडे बघताना कधीच बघितलं नव्हतं. तो वर यायचा, बाबा जा म्हणायचे किंवा थांब म्हणायचे, आणि तो उतरायचा. चित्राकडे बघायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं.

मग तो कठड्यावरनं खाली ओरडला,

"बर्फ भराऽऽ! पिशव्या खाली ठेवा रे, बर्फ भराऽऽ!"

खालनं कुणीतरी शिटी मारली.

आप्पा दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. पाठमोराच बोलला,

"शिवा गेला तेव्हापासून ना?"

शिवा पालेकर. चार वर्षं झाली. त्या दिवशी चित्रात ढग नखाएवढा होता आणि बाबा शिवाला "जा" बोलले होते. दुपारी तोच ढग वाढला. होडी सापडली, शिवा नाही. कोंडबंदरात हे शेंबड्या पोराला पण माहीत आहे. आणि बाबांच्या समोर कधी कुणी हा विषय काढत नाही.

"तेव्हापासून," बाबा बोलले.

"प्रत्येक ढग?"

"प्रत्येक. मीच फुगवत होतो. ते बटण सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं, धाकू. मी बनवून घातलं."

आप्पा वळला. रागावला होता की काय ते मला कळलं नाही, आणि आप्पाचा राग मला लांबनं पण कळतो.

"आम्ही तुमच्यावर भरवसा ठेवला," तो बोलला. "तुम्ही सांगायचंत तरी."

बाबांनी मागे हात घातला, माझी चप्पल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. जोडी नीट लावून.

...

"लिहून ठेवलं होतं," बाबा बोलले. "मराठीत. चार वर्षं उघडंच होतं... तुमच्यातला एक पण खालनं बघायला आला नाही."